चौदा चाकू आणि त्यातला एक

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षे झाली म्हणून यंदा कमिटीने ठरवलं, की दर कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने आपल्या छंदावर पंधरा मिनिटं बोलायचं. मला सचिवांचा फोन आला. मी म्हणालो, "माझा छंद चाकूंचा आहे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "काका, दुसरा एखादा छंद नाही का?"

त्यांचं चूक नाही. पेपरात चाकू हा शब्द आपण वाचतो तो चाकूहल्ला म्हणूनच. तेव्हा आधी कायद्याचं सांगून टाकतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम असं सांगतात, की पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर तो चाकू शस्त्रांच्या यादीत जातो. घरकामाची, शेतीची, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामाची हत्यारं यातून वगळलेली आहेत. माझ्याकडच्या एकाही चाकूचं पातं चार इंचांच्या वर नाही. तरीही ते खिशात घालून मी गावात फिरत नाही. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात, तेव्हा साधी काठी बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. आणि विमानतळ आपल्या शेजारीच आहे म्हणून सांगतो, चाकू केबिनच्या बॅगेत चालत नाही, कितीही छोटा असो. आज हा ट्रे इथे आणला आहे तो कमिटीच्या परवानगीने, आणि सगळे चाकू मिटलेले आहेत.

आता मूळ विषय. माझी सगळी नोकरी इथेच चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये गेली. मी हीट ट्रीटमेंटला होतो. आपल्या साध्या भाषेत लोखंडाला पाणी देण्याचं काम. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या डाय आणि पंचांना पाणी दिलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले. मागच्या वर्षी खंडेनवमीला घरात पूजा मांडली, तेव्हा पाटावर सौ.ची विळी, माझा व्हर्नियर आणि एक जुना घडीचा चाकू एवढंच होतं. तेव्हा मनात आलं, या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत घडीचे चाकू जमवायचे आणि शेवटी त्यातला आपला आवडता एक निवडायचा.

नियम तीन ठेवले. एक, चाकू जुन्या पद्धतीचा हवा. म्हणजे पातं मुठीत मिटणारं, आणि तो बनवायची रीत निदान आपल्या आजोबांच्या काळातली. दोन, कपाटात ठेवायला घ्यायचा नाही, प्रत्येक चाकू निदान आठ दिवस घरात वापरायचा. तीन, महाग म्हणून पसंत करायचा नाही आणि स्वस्त म्हणून नापसंत करायचा नाही. वर्षभरात चौदा जमले.

सौ.ने पहिल्याच आठवड्यात निकाल लावला होता. आमच्याकडे मोडती विळी आहे, पातं खाली दुमडून ठेवायची. ती म्हणाली, "अहो, घरातला सगळ्यात मोठा घडीचा चाकू माझ्याकडेच आहे. तुम्ही कशाला बाहेर शोधता?" तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे. पण विळी खिशात मावत नाही, म्हणून स्पर्धेतून बाद केली.

घडीच्या चाकूचे ढोबळ तीन प्रकार. पहिल्यात पातं नुसतं खिळ्यावर फिरतं, घट्टपणावर उभं राहतं. दुसऱ्यात मुठीच्या पाठीला पोलादी पट्टी असते, ती स्प्रिंगसारखी पात्याच्या बुडाला दाबून धरते. तिसऱ्यात पातं उघडल्यावर कुलूप लागतं. बालमित्रांनो, नीट ऐका. पहिल्या दोन प्रकारांत कुलूप नसतं. उलट दाब दिला तर पातं बोटांवर मिटतं. चाकूने बोटं अशीही कापतात.

पहिल्या प्रकारातला माझ्याकडचा हा जपानी चाकू, हिगोनोकामी. पितळी पत्रा दुमडून मूठ केलेली, आत पातं, आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची छोटी जीभ. मिकी नावाच्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे चाकू बनू लागले. तिथल्या शाळकरी पोरांच्या खिशात पेन्सिल तासायला हा असायचाच. १९६० साली तिकडे असानुमा नावाच्या राजकीय नेत्याचा भर सभेत एका सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. हत्यार आखूड तलवारीसारखं होतं, हा चाकू नव्हे. पण मुलांच्या हातात धारदार काही देऊ नका अशी मोहीम देशभर चालली आणि या चाकूचे कारागीर एकेक करत बंद पडले. नावावर हक्क असलेलं आता एकच घराणं उरलं आहे. तरी नागानो भागातल्या एका प्राथमिक शाळेत अजूनही मुलांना हा चाकू दिला जातो आणि त्यानेच पेन्सिल तासायला शिकवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दुसऱ्या प्रकारात हा लाल मुठीचा स्विस चाकू. सी विंगच्या एका सभासदाच्या मुलाने परदेशातून आणून दिला. कार्ल एल्सेनर यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये याच्या मूळ नमुन्याची नोंदणी केली. पाठीच्या एकाच पट्टीवर दोन्ही बाजूंची हत्यारं चालतात, ही त्याची खुबी. कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, डबा उघडणी, सगळं उत्तम. पण त्याचं पातं स्टेनलेसचं, आणि धार गेली की आपल्या घरच्या दगडावर ती परत यायला वेळ लागतो.

तिसऱ्यात हा फ्रान्सचा ओपिनेल. सावोय भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवला. बीच लाकडाची गोल मूठ आणि गळ्यात फिरणारी कडी. ती कडी १९५५ मध्ये आली, ती फिरवली की पातं पक्कं. आंबा चिरायला याच्यासारखा चाकू नाही. मात्र आपल्याकडे जुलैत हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि पातं बाहेरच येत नाही. फटीत मेणबत्ती घासली की सुटतं.

आता रामपुरी. याचं नाव घेतल्यावर मागच्या रांगेतून हशा आला, म्हणजे सगळ्यांनी 'वक्त' पाहिला आहे. १९६५ च्या त्या सिनेमात राजकुमार यांच्यासमोर चाकू काढला जातो, तो प्रसंग साठ वर्षं झाली तरी लोक विसरत नाहीत. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची कमाल म्हणजे त्या कुलपाचा आवाज आणि पितळी मूठ. पण पडद्यावरच्या खलनायकांनी त्या कारागिरांचं नाव खराब केलं. आता रामपूरने तेच नाव उलट मिरवायचं ठरवलं आहे. २०२३ मध्ये तिथल्या एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभा केला. माझ्याकडे आहे तो फळं कापायचा, साडेतीन इंची. खटका मात्र तसाच वाजतो. एवढ्या आवाजात पेरू कापायला थोडा संकोच वाटतो.

जवळचेही आहेत. पैठणच्या नाथषष्ठीच्या यात्रेत हा माशाच्या आकाराचा चाकू मिळाला. शेपटी धरून ओढली की पोटातून पातं निघतं. खुलताबादच्या उरुसातल्या दुकानातून हा पत्र्याच्या मुठीचा घेतला, साठ रुपयांचा. माझ्या संग्रहातला सगळ्यात स्वस्त. त्याचं पातं मऊ आहे, दोन लिंबं कापली की बोथट होतं. पण सहाणेवर चार वेळा फिरवलं की परत तयार. साठ रुपयांत याहून जास्त काय मागायचं!

कोणी विचारेल, अडकित्ता का नाही? अडकित्ता चाकूचा चुलतभाऊ आहे, पण त्याच्या वाटेला मी गेलो नाही, कारण ते काम फार मोठ्या माणसाने करून ठेवलं आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये आपला संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. त्यात राजा हे त्यांच्या लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव. तिथे मोर, घोडे, नक्षी असलेले अडकित्ते पाहताना कळतं, की रोज हातात घ्यायच्या वस्तूवर आपल्या लोकांनी किती जीव लावला होता.

आता दोन मिनिटं माझ्या धंद्याची. चाकू चांगला की वाईट हे मुठीवरून नाही, पाण्यावरून ठरतं. पातं लालभडक करतात, सुमारे आठशे अंशांपर्यंत, आणि तेलात किंवा पाण्यात बुडवतात. ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून परत थोडं तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तेव्हा रंग चढत जातात. सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवतासारखा पिवळा, तीनशेच्या आसपास निळा. पात्याला पिवळ्यावर थांबवायचं, पाठीच्या पट्टीला निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. म्हणजे एकाच चाकूत एक भाग कडक आणि एक भाग लवचीक. घिसाडी लोहाराकडे ना थर्मामीटर असतो ना भट्टीचा मीटर. ऐरण, भाता, सांडशी, आणि रंग ओळखणारा डोळा. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून तो कुऱ्हाड आणि कोयता काढतो, खुरपं शेवटून देतो.

हे ज्ञान आपल्या मुलखात नवीन नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्यात कोनासमुद्रम नावाचं गाव होतं, आता ते तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात आहे. तिथलं मुशीतलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी येत. तलवारींचं ते प्रसिद्ध पोलाद दख्खनच्या गावठी भट्ट्यांतून जात होतं.

आता निवडीकडे येतो. हा चौदावा. मागच्या हिवाळ्यात छावणीच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगाशेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पुढे पोत्यावर चार वस्तू, त्यात हा. शिसवी मूठ, पितळी अस्तर, तीन खिळे. पातं झिजून निम्मं राहिलेलं. मुठीच्या दुसऱ्या टोकाला पितळेची एक चपटी जीभ. मी विचारलं, "बाबा, केवढ्याला?" ते म्हणाले, "आधी सांगा, कशाला पाहिजे?" मी म्हणालो, चाकू जमवतो. त्यांनी तो परत पोत्यावर ठेवला. "मग राहू द्या साहेब. ह्यानं मी चाळीस वर्षं मोसंबीचे डोळे भरलेत. शोकेसात घालायचा आसंल तर न्हाई द्यायचा."

ते बदनापूरकडच्या रोपवाटिकांतून काम केलेले माळी होते. आता हात थरथरतो म्हणून बसले होते. मी त्यांना माझा दुसरा नियम सांगितला, की आठ दिवस वापरल्याशिवाय मी कुठलाच चाकू ठेवत नाही. ते हसले. "आठ दिवसांत काय व्हतंय? कलम जगलं का न्हाई तेच महिन्यानं कळतं." मग तिथेच बसून त्यांनी मला सांगितलं. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर इंग्रजी टी सारखी चीर द्यायची, या पितळी जिभेने साल अलगद उचलायची, मोसंबीचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने बांधायचा. साल उचलायला लोखंड नको, पितळच हवं, साल दुखत नाही म्हणाले. शेवटी चाकू दिला. पैसे घेतले, पण मी म्हणालो त्यापेक्षा कमी घेतले.

घरी आणून कानस घासून पाहिली. कानस घसरली, पात्याला लागलीच नाही. इतक्या वर्षांच्या झिजेनंतरही पाणी शाबूत. धार एकाच बाजूने, दुसरी बाजू सपाट. अशा पात्याने काप सरळ जातो, म्हणून दोन लाकडं एकमेकांना घट्ट चिकटतात. खिळा सैल होता, तो हलक्या हातोडीने ठोकून बसवला. एवढीच दुरुस्ती.

जुलैत मी कमिटीकडे परवानगी मागितली, की आठवीच्या पुढच्या मुलांना आंब्याची कोय कलमं शिकवायची आहेत. त्या सभेत एक ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, आज तुमच्यासमोर नीट धरेल. उद्या तोच मुलगा शाळेत चाकू घेऊन गेला, तर?" प्रश्न अगदी रास्त होता आणि मी तो हसण्यावारी नेला नाही. जपानची गोष्ट मी तेव्हाच सांगितली. चाकू काढून घेतले म्हणून मुलांना शहाणपण आलं असं नाही, आणि हातात दिले म्हणून येतं असंही नाही. ते शिकवण्यातून येतं. आम्ही असं ठरवलं: चाकू माझ्याच घरी राहील, आई-वडिलांची लेखी संमती लागेल, आणि चार नियम मोडले तर त्या दिवशीचं काम बंद. काम बसून करायचं. काप अंगापासून दूर द्यायचा. उघडा चाकू घेऊन चालायचं नाही. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. ताईंनी तरीही आपल्या मुलाला पाठवलं नाही. तो त्यांचा अधिकार आहे. मुलगा मात्र रोज संध्याकाळी पाणी घालायला येत होता, त्यालाही ताईंनी अडवलं नाही.

सहा मुलं आली. उन्हाळ्यात खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी आम्ही पिशव्यांत लावल्याच होत्या. पंधरा दिवसांची तांबूस पानांची रोपं झाली. मेहुण्यांच्या शेतातल्या केसरच्या काड्या आणल्या, आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं काढून ठेवायला सांगितलं होतं. रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध दीड इंच चीर, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप, पाचर चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. काडीची आणि रोपाची जाडी सारखी हवी, निदान एका बाजूची साल सालीला लागली पाहिजे. बारा कलमं बांधली. सात फुटली. मधे पावसाने उघडीप दिली तेव्हा दोन गेली. पाच उभी आहेत, पंपहाऊसच्या मागे सावलीत. कुणाचंही बोट कापलं नाही.

मंडळी, चौदापैकी माझा आवडता कोणता हे आता सांगायला नको. स्विस चाकू यापेक्षा जास्त कामं करतो. ओपिनेल दिसायला सुंदर आहे. रामपुरीचा तर रुबाबच वेगळा. पण वर्षभरात जो चाकू घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आपणहून मागितला, तो हा एकच. मुलं विचारतात, "आजोबा, तो कलमाचा चाकू आहे का?" माझ्या आधी एका माणसाने त्याच्यावर चाळीस वर्षं पोट भरलं, आणि माझ्यानंतरही तो कामाला येईल एवढं पातं त्यात शिल्लक आहे. आवडता ठरवायला मला एवढं कारण पुरलं.

शेवटी कमिटीला दोन विनंत्या. आपल्या गेटवर 'फेरीवाल्यांना सक्त मनाई' अशी पाटी आहे. ती का लावली मला माहीत आहे आणि ती राहू द्या. पण पायाने चाक फिरवणारा धारवाला महिन्यातून एकदा गेटपर्यंत येतो आणि पाटी वाचून परत जातो. वर प्रत्येक घरात एक बोथट विळी आणि एक बोथट कात्री असते, आणि बोथट हत्यार जास्त कापतं, कारण त्यावर जोर द्यावा लागतो. तीन महिन्यांतून एका रविवारी वॉचमनच्या रजिस्टरात नाव लिहून त्याला दोन तास आत घ्यावं. त्याच्याही पोटाची सोय होईल, आणि आपल्या मुलांना चाकावरच्या ठिणग्या बघायला मिळतील.

दुसरी विनंती कलमांची. पुढच्या जूनपर्यंत ती लावण्याजोगी होतील. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून बागेच्या पूर्वेच्या भिंतीलगत पाच खड्डे आत्ताच उन्हाळ्याआधी आखून ठेवावेत, पंधरा-पंधरा फुटांवर. प्रत्येक झाडाची जबाबदारी एका विंगने घ्यावी. पाणी घालणाऱ्या त्या मुलाला कुठलं झाड द्यायचं, ते मात्र त्यालाच निवडू द्यावं. सगळं नीट झालं तर चार-पाच वर्षांनी केसर हाताशी येईल, आणि तो चिरायला चाकू कुणाकडे मागायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ट्रेमधले चाकू मुलांनी मोठ्यांसोबत येऊन, एकेक करून, बसून पाहावेत.